जामोवी: फुकटातलं स्टॅट्स सॉफ्टवेअर आणि त्यातली ती छोटीशी पट्टी

सायकॉलॉजीच्या स्टॅटिस्टिक्समध्ये मुलं टी टेस्टला (दोन गटांच्या सरासरीची तुलना) अडकतात असं सगळ्यांना वाटतं पण गाडी त्याच्या कितीतरी आधी रुळावरून घसरलेली असते, पहिल्याच युनिटला, व्हेरिएबल म्हणजे काय आणि ते कुठल्या स्केलवर मोजलंय इथेच. नॉमिनल (नुसतं नाव), ऑर्डिनल (क्रम), इंटरव्हल (समान अंतर), रेशो (समान अंतर आणि खरं शून्य) ही चार नावं घडाघडा पाठ असतात, उदाहरणंही तीच ठरलेली, रक्तगट, शर्यतीतला नंबर, तापमान, वजन, आणि मग समोर खरा डेटा आला की सगळं विसरून प्रत्येक कॉलमचा ॲव्हरेज काढायला बसतात. मी बीएच्या पोरांना हाच विषय शिकवते, त्यामुळे हा रिव्ह्यू जामोवीचा असला तरी फक्त या एका कामापुरता आहे. अनोव्हा, फॅक्टर ॲनालिसिस, मॉड्यूल्स यांच्यावर लिहिणारे भरपूर आहेत, ते तिकडे वाचा.

आधी थोडक्यात ओळख. जामोवी फुकट आहे, म्हणजे खरंच फुकट, तीस दिवसांचं ट्रायल आणि मग कार्ड नंबर टाका अशी भानगड नाही, ओपन सोर्स आहे. आतून आर या भाषेवर चालतं पण तुम्हाला कोडची एक ओळ लिहायला लागत नाही, सगळं माऊसने. जोनाथन लव्ह, डेमियन ड्रॉपमन आणि रवी सेल्कर या तिघांनी सुरू केलं, त्याआधी जास्प म्हणून ॲमस्टरडॅम विद्यापीठातून निघालेलं असंच फुकट सॉफ्टवेअर आहे तिथला अनुभव गाठीशी होता. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्येही उघडतं. आणि आपल्याकडे ज्याच्यावाचून रिसर्च होतच नाही असं मानलं जातं त्या एसपीएसएस या स्टॅट्स सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ते १९६८ पासून आहे, २००९ मध्ये आयबीएमने विकत घेतलं, दणकट आहे, सगळं करतं, पण आमच्यासारख्या छोट्या डिपार्टमेंटला लायसन्सचा खर्च काढताना घाम फुटतो आणि विद्यार्थ्याला घरी बसून प्रॅक्टिस करायची तर प्रश्नच मिटला. जामोवीत एसपीएसएसच्या फायली उघडतात, एक्सेलच्या उघडतात, सीएसव्ही उघडतात, तो प्रश्न नाही.

आता मुद्द्यावर येते. उघडलं की डावीकडे एक्सेलसारखा तक्ता दिसतो आणि उजवीकडे रिझल्टची कोरी जागा. कॉलमच्या नावावर डबल क्लिक केलं की वरून एक पट्टा खाली येतो आणि त्यात पहिल्या काही गोष्टींमध्येच विचारतं, मेझर टाइप, म्हणजे मोजमापाचा प्रकार, काय? पर्याय चार. नॉमिनल, त्याचं चिन्ह तीन गोळे. ऑर्डिनल, चढत्या उंचीचे बार. कंटिन्युअस, त्याला मोजपट्टी. आणि आयडी. ठरवलं की ते चिन्ह कॉलमच्या नावाशेजारी कायमचं चिकटतं, मग ॲनालिसिसच्या यादीत जिथे जिथे तो व्हेरिएबल दिसेल तिथे तिथे ते चिन्ह सोबत. एवढंच. पण या एवढ्याशा चिन्हाने जे होतं ते माझ्या दोन तासांच्या लेक्चरने होत नाही, कारण लेक्चरमध्ये स्केल ही व्याख्या असते आणि इथे तो प्रश्न असतो, तुझ्या या कॉलममधल्या आकड्यांना काय अर्थ आहे ते सांग मग पुढे जाऊ.

हे वर्गीकरण आलं कुठून हे मुलांना कोणी सांगत नाही, थेट तक्ता लिहून देतात, म्हणून जरा सांगते. हार्वर्डचे एस. एस. स्टीव्हन्स, हे आवाजावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ, आवाज माणसाला किती मोठा जाणवतो ते मोजण्यासाठी त्यांनी सोन नावाचं स्केल काढलं होतं. तिकडे इंग्लंडात ब्रिटिश असोसिएशनची एक समिती वर्षानुवर्षं यावरच वाद घालत बसली होती की असं जाणवणं मोजता येतं का, म्हणजे याला मोजमाप म्हणायचं तरी का. सात वर्षं चर्चा झाली आणि एकमत काही झालं नाही. स्टीव्हन्सने १९४६ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये लेख लिहिला आणि वादाची दिशाच बदलली, त्याचं म्हणणं, ठरलेल्या नियमाने वस्तूंना किंवा घटनांना आकडे देणं म्हणजे मोजमाप, मोजमाप एकाच तऱ्हेचं नसतं, चार तऱ्हेचं असतं, आणि कुठली तऱ्हा आहे त्यावर तुम्ही त्या आकड्यांशी काय करू शकता ते ठरतं. नॉमिनलला फक्त मोजदाद आणि मोड (सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर), ऑर्डिनलला मीडियन (रांगेतला मधला) आणि पर्सेंटाइल, इंटरव्हलला मीन (सरासरी) आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी, आकडे किती पसरलेत ते), रेशोला त्याच्याही पुढे, दुप्पट तिप्पट म्हणायचा हक्क. म्हणजे आपल्या पहिल्या युनिटातला तो रटाळ तक्ता मुळात एका जोरदार भांडणातून आलाय. हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही जरा मान वर करतात.

वर्गात आम्ही स्वतःचाच डेटा भरतो. रोल नंबर, घराचा पिनकोड, दहावीपर्यंतचं माध्यम, भावंडं किती, काल रात्री किती तास झोप झाली, परीक्षेच्या टेन्शनवर दहा वाक्यं ज्यांना १ ते ५ मध्ये उत्तर द्यायचं, आणि कॉम्प्युटरवर घेतलेला रिॲक्शन टाइम मिलिसेकंदात. मग एकेक कॉलम घेऊन चिन्ह ठरवायचं.

रोल नंबर सोपा, आयडी. स्टीव्हन्सच्या चार खोक्यांत आयडी नाही, ही जामोवीची सोय आहे, हा कॉलम फक्त कोण कोण आहे ते ओळखायला आहे आणि त्याचं ॲनालिसिस करायचं नाहीये एवढं सांगायला. बरी सोय आहे. माध्यमही सोपं, मराठी १, सेमी इंग्रजी २, इंग्रजी ३ असे कोड दिले तरी कोणाला शंका येत नाही, नॉमिनल. पिनकोडला मात्र दर बॅचला कोणीतरी हात वर करून म्हणतंच की मॅडम आकडा आहे ना, सहा आकडी आहे, मग पट्टी लावू का. मी म्हणते लाव आणि मीन काढ. सदाशिव पेठ ४११०३०, दादर ४०००२८, दोघांचा मीन ४०५५२९, आता जा आणि एखाद्या पोस्टमनला विचार ही पेठ कुठे आली. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला तेव्हा पहिला आकडा विभागाचा ठरवला, आपल्या महाराष्ट्र गोव्याच्या विभागाला ४, म्हणून त्यात क्रम असल्यासारखं भासतं, पण ४ हा ३ पेक्षा जास्त काही नाही, फक्त वेगळा आहे.

आणि इथेच जामोवीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुम्ही पिनकोडला प्रामाणिकपणे नॉमिनल केलं, तीन गोळे दिसायला लागले, आणि तरी डिस्क्रिप्टिव्ह्जमध्ये, म्हणजे मीन, एसडी वगैरे काढायच्या जागी, टाकलात तर जामोवी त्याचा मीन काढून देतं. हो, देतं! कारण आत पूर्णांक आहेत आणि पूर्णांकांची बेरीज करता येते. हेच माध्यम तुम्ही अक्षरात, मराठी, सेमी, इंग्रजी असं टाइप केलं असेल तर मीनच्या जागी काही येत नाही. म्हणजे चिन्ह हा पोलीस नाही, सूचना आहे. ॲनालिसिसच्या प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात इथे कुठल्या चिन्हाचे व्हेरिएबल अपेक्षित आहेत ते बारीक दाखवलेलं असतं, टी टेस्टच्या डिपेंडंटच्या (ज्यातला फरक बघायचा तो) चौकटीत पट्टी, ग्रुपिंगच्या (ज्याने गट पडतात तो) चौकटीत गोळे आणि बार, पण आकड्याने कोड केलेला नॉमिनल व्हेरिएबल तुम्ही डिपेंडंटमध्ये ढकललात तर तो आत जातो. अक्षरी असेल तर जात नाही.

यावर मला आधी राग यायचा की अरे मग चिन्हं लावून घेतलीच कशाला, पण विचार केला तर हेच बरोबर वाटतं. १९५३ मध्ये फ्रेडरिक लॉर्डने याच विषयावर एक धमाल गोष्ट लिहिलेली, एका प्रोफेसरकडे फुटबॉलच्या जर्सीचे नंबर विकायचं मशीन असतं, पहिल्या वर्षाची टीम तक्रार करते की आम्हाला मुद्दाम लहान लहान नंबर दिलेत, सीनियर हसतात, आणि प्रोफेसर म्हणतो जर्सी नंबर नॉमिनल, त्यांचा मीन काढणं पाप. स्टॅटिस्टिशियन येतो आणि सरळ बेरजा भागाकार करून दाखवतो की हे नंबर चिठ्ठ्या टाकल्यासारखे आलेलेच नाहीत, काहीतरी गडबड आहे. तात्पर्य काय तर आकडे कुठून आले हे आकड्यांना ठाऊक नसतं, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं, आणि मीन काढायचा की नाही हे तुम्ही विचारलेल्या प्रश्नावरही अवलंबून आहे. स्टीव्हन्स बरोबर की लॉर्ड बरोबर हे भांडण आजही मिटलेलं नाही, आणि सॉफ्टवेअरने त्यात कोणाची बाजू घेऊन बटणं बंद करून टाकली असती तर ते मला आवडलं नसतं. फक्त पहिल्या वर्षाच्या मुलाला हे आधी सांगून ठेवायला लागतं की बाबा रे, उत्तर आलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. डब्यावर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही, तसंच नॉमिनलला पट्टी चिकटवली म्हणून पिनकोड मोजता येत नाही.

याचा खरा फटका रिग्रेशनमध्ये (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधताना) बसतो म्हणून तेवढं एक सांगून ठेवते, जरी पहिल्या वर्षाला नसलं तरी. तिथे दोन चौकटी असतात, कोव्हेरिएट्स आणि फॅक्टर्स. माध्यम, म्हणजे १ २ ३ कोड असलेलं, फॅक्टर्समध्ये टाकलं तर जामोवी एक माध्यम आधार धरून उरलेल्या दोघांची त्याच्याशी तुलना करतं, टेबलात दोन ओळी येतात. तेच कोव्हेरिएट्समध्ये टाकलं तर एकच ओळ, एकच आकडा, जणू मराठी ते सेमी हे एक पाऊल आणि सेमी ते इंग्रजी हे तेवढंच दुसरं पाऊल. दोन्हीकडे पी व्हॅल्यू (फरक नुसता योगायोग आहे का ते तपासायचा आकडा) येते, दोन्ही टेबलं दिसायला तितकीच छान. कोणीही टोकत नाही.

आता ऑर्डिनल, म्हणजे बार. क्रम आहे पण अंतर माहीत नाही. एकांकिका स्पर्धेत पहिली दुसरी तिसरी आलेली माहीत असते, पण पहिली आणि दुसरीत अर्ध्या मार्काचा फरक होता आणि तिसरी त्यांच्यापासून कोसभर लांब होती हे क्रमांकावरून कळत नाही. हे सगळ्यांना पटतं. टेन्शनच्या वाक्यांवर आलं की मात्र वर्गात दोन तट पडतात. ‘पेपर हातात आला की माझी छाती धडधडते’, १ म्हणजे अजिबात नाही, ५ म्हणजे नेहमी. १ आणि २ मधलं अंतर ४ आणि ५ मधल्या अंतराइतकंच आहे का? कोणालाच माहीत नाही. म्हणून एकट्या वाक्याचं उत्तर ऑर्डिनल धरायचं हे माझं मत आणि बहुतेक पुस्तकांचंही. पण रेन्सिस लायकर्टने १९३२ मध्ये ही पद्धत आणली तेव्हा मुळात अनेक वाक्यांच्या गुणांची बेरीज करायची अशीच कल्पना होती, आणि दहा वाक्यांची बेरीज केली की प्रत्यक्षात सगळे तिला इंटरव्हल धरून मीन, एसडी, टी टेस्ट सगळं करतात. गंमत म्हणजे खुद्द स्टीव्हन्सने १९४६ च्या त्याच लेखात मान्य केलंय की मानसशास्त्रातली बहुतेक स्केल्स ऑर्डिनल आहेत, कडक नियम लावला तर त्यांचा मीन काढू नये, पण काढून बऱ्याचदा उपयोगाचं काहीतरी हाती लागतं म्हणून चालवून घेतलं जातं. म्हणजे ज्याचा नियम त्यानेच खिडकी उघडी ठेवलेली, आणि आपल्याकडे व्हायव्हाला एखादे एक्स्टर्नल येऊन लायकर्टचा मीन का काढला म्हणून पोराला रडवतात.

(हे लिहिता लिहिता आठवलं, शॉपिंग ॲपवर प्रेशर कुकरला ४.३ स्टार असतात ना, तो काय आहे, पाच पायऱ्यांच्या ऑर्डिनल उत्तरांचा मीन आहे. आणि आपण ४.३ आणि ४.१ मध्ये तुलना करून साडेतीनशे रुपये जास्त मोजतो.)

जामोवी इथे खूप छान वागतं, म्हणजे शिकवायला म्हणून. दहाही वाक्यं निवडून एकदम ऑर्डिनल करता येतात. त्यातलं उलटं वाक्य, ‘परीक्षेआधी मला शांत झोप लागते’ असलं, त्यासाठी ट्रान्सफॉर्म म्हणून सोय आहे, एकदा नियम लिहायचा की सहातून मूळ उत्तर वजा कर, झालं, ५ चा १ होतो आणि १ चा ५, मूळ कॉलमला हात लागत नाही, नवीन कॉलम शेजारी येतो. मग कम्प्यूटेड व्हेरिएबल करून दहा कॉलमांचा मीन घ्यायचा की तो नवीन कॉलम पट्टीचा. बार बार बार आणि शेवटी पट्टी, हे समोर रांगेत दिसतं, आणि तेव्हा मुलांना विचारायचं, की बारांची बेरीज करून पट्टी कशी झाली, कोणाच्या परवानगीने? इथे जी चर्चा होते ती मला कुठल्याही पीपीटीवर घडवता आलेली नाही. रिलायबिलिटीमध्ये जाऊन क्रॉनबॅक अल्फा बघता येतो, ती वाक्यं एकमेकांना धरून आहेत का ते कळतं, पण अल्फा चांगला आला म्हणजे अंतरं समान झाली असा त्याचा अर्थ होत नाही हेही सांगायला लागतं. ज्यांना ऑर्डिनलचा मान राखायचाय त्यांच्यासाठी कोरिलेशनमध्ये (दोन गोष्टींचा संबंध बघताना) नेहमीच्या पिअरसनच्या शेजारीच क्रमावर चालणाऱ्या स्पिअरमन आणि केंडॉलचे चौकोन, टी टेस्टमध्येच मॅन-व्हिटनी या क्रमावर चालणाऱ्या टेस्टचा चौकोन, टिक करा, लगेच उजवीकडे टेबल बदलतं. दोन्ही टिक करून शेजारी शेजारी बघा, बरेचदा निष्कर्ष तोच येतो, आणि जेव्हा येत नाही तेव्हा डेटाकडे नीट बघायची वेळ असते.

मग पट्टी. इथे माझी मोठी तक्रार आहे. जामोवीला इंटरव्हल आणि रेशो वेगळे कळत नाहीत, दोन्ही कंटिन्युअस, दोन्हीला एकच पट्टी. एसपीएसएस आणि जास्पमध्येही दोघं एकत्रच आहेत, तिथे नाव स्केल. कारण समजतं, बहुतेक टेस्ट्सना या दोघांच्या फरकाने काही फरक पडत नाही, मीन दोन्हीचा निघतो. पण शिकणाऱ्याला पडतो. रिॲक्शन टाइम २५० मिलिसेकंद आणि ५०० मिलिसेकंद, दुसरा दुप्पट वेळ, हे म्हणता येतं कारण शून्य खरं शून्य आहे. आयक्यू ७० आणि १४० मध्ये दुप्पट बुद्धी नसते, वेक्स्लरच्या टेस्टमध्ये १०० हा मीन आणि १५ ही एसडी हे ठरवून घेतलेलं आहे, शून्य बुद्धी अशी जागाच नाही. तापमानाचं तर सगळ्यांना येतं तोंडपाठ, महाबळेश्वरला १० आणि पुण्यात २० म्हणजे पुण्यात दुप्पट गरम नाही, केल्व्हिनमध्ये ते २८३ आणि २९३ आहेत. ही सगळी चर्चा जामोवीच्या पट्टीत गडप होते आणि परीक्षेत मात्र प्रश्न हमखास तोच असतो, इंटरव्हल आणि रेशोमधला फरक उदाहरणासह स्पष्ट करा. म्हणून मी मुलांना त्या पट्ट्यात जी डिस्क्रिप्शनची मोकळी जागा असते ना तिथे हाताने लिहायला लावते, शून्य खरं की मानलेलं. सॉफ्टवेअर ते वाचत नाही, पण लिहिणारा विचार करतो.

आणि कंटिन्युअस हे नावसुद्धा पहिल्या वर्षाला त्रासच देतं. भावंडं किती, ० १ २ ३, अडीच भावंडं कोणाला नसतात, म्हणजे डिस्क्रीट व्हेरिएबल. शून्य मात्र खरं, चार भावंडं दोनच्या दुप्पट, म्हणजे स्केल रेशो. डिस्क्रीट की कंटिन्युअस हा एक प्रश्न आणि स्केल कुठलं हा वेगळा प्रश्न, पण जामोवीत भावंडांच्या कॉलमला तुम्हाला कंटिन्युअस म्हणायला लागतं आणि काल वर्गात डिस्क्रीट म्हणून लिहून घेतलेलं पोरगं गोंधळून बघतं. हा दोष नावाचा आहे, आतल्या गणिताचा नाही, पण शिकवणाऱ्याने आधीच सांगितलेलं बरं.

यापेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट जी जामोवीत करून दाखवता येते आणि फळ्यावर नीट येत नाही. स्केल हे त्या गुणाला चिकटलेलं नसतं, तुम्ही तो कसा मोजलात त्याला चिकटलेलं असतं. वय घ्या. वर्षांत विचारलं तर रेशो. १८ ते २०, २१ ते २५, २६ च्या पुढे असे गट करून विचारलं तर ऑर्डिनल. मतदानाचं वय झालंय की नाही एवढंच विचारलं तर नॉमिनल. टेन्शनचंही तसंच, लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं तर रेशो, प्रश्नावलीची बेरीज केली तर मानलं तर इंटरव्हल, आज टेन्शनमध्ये आहेस का हो किंवा नाही असं विचारलं तर दोन गोळे. याला ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतात आणि पुस्तकात ते वेगळ्याच प्रकरणात असतं, स्केलपासून चार प्रकरणं लांब, का ते मला कधी कळलं नाही. जामोवीत वर्षांतल्या वयाचा कॉलम घ्या, ट्रान्सफॉर्मने त्याचे गट करा, दोन्ही डिस्क्रिप्टिव्ह्जमध्ये टाका आणि फ्रिक्वेन्सी टेबलवर टिक करा. गटांच्या कॉलमला टेबल येतं, पट्टीवाल्याला येत नाही. वर्षांवरून गट करता आले, गटांवरून वर्षं परत आणता येत नाहीत. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की पुढच्या प्रोजेक्टच्या गुगल फॉर्ममध्ये वयाचे गट टाकणारी मुलं निम्म्याने कमी होतात.

बारीकसारीक गोष्टी. एक्सेलमधून डेटा आणला की जामोवी स्वतःच अंदाज बांधतं कोणता कॉलम काय, आणि हा अंदाज आहे एवढं लक्षात ठेवायचं. थोडेच वेगवेगळे पूर्णांक दिसले की बहुतेक वेळा नॉमिनल धरतं, त्यामुळे भावंडांचा कॉलम गोळे घेऊन येतो. कोणी एकाने झोपेच्या कॉलममध्ये ‘७ तास’ असं लिहिलं की अख्खा कॉलम अक्षरी होतो आणि मग मीन येत नाही म्हणून बोंब. युनिट कॉलमच्या नावात लिहा, चौकटीत नुसता आकडा. आणि ज्याने उत्तर दिलं नाही त्याला ९९ लिहायची जुनी सवय असेल तर व्हेरिएबलच्या त्याच पट्ट्यात मिसिंग व्हॅल्यूजमध्ये ९९ सांगून ठेवायला विसरू नका, नाहीतर ६, ७, ८, ७ आणि ९९ चा मीन २५.४ येतो, दिवसाला पंचवीस तास झोप, आणि रिपोर्टमध्ये ते तसंच छापून येतं, मी वाचलंय. सांगून ठेवलं की बरोब्बर ७.

डिपेंडंट इंडिपेंडंटचं शिकवायला जामोवी ठीकठाक आहे, फार नाही. टी टेस्टमध्ये डिपेंडंट व्हेरिएबल आणि ग्रुपिंग व्हेरिएबल अशा चौकटी असल्याने निदान कोण कुठे बसतं ते कळतं. माध्यम तीन गटांचं असताना ग्रुपिंगमध्ये टाकलं तर स्वच्छ सांगतं की इथे बरोबर दोनच लेव्हल लागतात, हा एरर मला फार आवडतो, अनोव्हाकडे, म्हणजे दोनाहून जास्त गटांच्या तुलनेकडे, जायचं कारण मुलांना आपोआप मिळतं. पण माध्यम तुम्ही ठरवून दिलेलं नाही, मुलं ते घेऊनच आलेली आहेत, त्यामुळे ग्रुपिंगमध्ये बसलं तरी त्याला प्रयोगातल्या इंडिपेंडंट व्हेरिएबलचा दर्जा मिळत नाही, आणि टेन्शनमधला फरक माध्यमामुळे की घरच्या परिस्थितीमुळे की शाळेमुळे हे चौकटीला कळत नाही. अर्ध्या वर्गाला कॉफी आणि अर्ध्याला कॅफिन नसलेली कॉफी चिठ्ठ्या टाकून दिली असती तर गोष्ट वेगळी. दोन्ही डेटांना जामोवी तेच टेबल देतं.

कोणासाठी नाही तेही सांगते. तुमच्या पेपरला सगळी गणितं हाताने सोडवायची असतील तर यावर पडून राहू नका, एसडी पाच मार्कांना हातानेच काढायचा आहे. मोबाईलवर करायचं म्हणत असाल तर छोट्या स्क्रीनवर तक्ता आणि रिझल्ट शेजारी शेजारी बघणं म्हणजे डोळ्यांचं भजं, लॅपटॉपच हवा. आणि ज्यांना मदतीसाठी एखादी प्रायव्हेट ट्यूशन लावायचीये त्यांनी आधी एक प्रश्न विचारून बघा, की लायकर्टच्या एका वाक्याचा मीन काढायचा का. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर आलं तर पैसे वाचवा.

माझ्याकडून या कामासाठी पाचपैकी चार. एक गेला तो इंटरव्हल आणि रेशोला एकाच पट्टीत कोंबल्याबद्दल.

डाउनलोडच्या पानावर दोन व्हर्जन दिसतील, सॉलिड आणि करंट. करंटमध्ये नवीन गोष्टी आधी येतात, सॉलिड जुनं पण मुरलेलं. नवीन व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडायला कुरकुरते, म्हणून लॅबमध्ये जे आहे तेच घरी टाका, आणि ग्रुप प्रोजेक्ट असेल तर सुरुवातीलाच चौघांनी मिळून ठरवा, सबमिशनच्या आदल्या रात्री नको.